झोंबतंय का

पलूसबाहेर भंगाराच्या ढिगामागं एक भंगारवाला तांब्यासाठी जुन्या वायरी जाळत होता. मी धुराचे नमुने घ्यायला गेलो होतो. मी पंपाला नळी जोडेपर्यंत त्यानं काठीनं आग सारखी करत मला शिकवलं, "नाकात झोंबलं की वायर. घशाला कडू लागलं की गादीचा फोम. यातलं कायबी लागलं की लांब सरायचं."

पुढं अहवालात वायरीच्या धुरात नाकाला झोंबणारं हायड्रोजन क्लोराइड निघालं, दुसऱ्या ढिगावरच्या फोमच्या धुरात सायनाइड.

त्या दिवशी वारा फिरला. मी डोळे पुसत मागं सरलो. तो धुरातच उभा होता.

"सायेब, झोंबतंय का?"

मला वाटलं, परीक्षा घेतोय.

"सांगा की. माज्या नाकाला लय दिस झालं, कायच कळंना."

मी "हो" म्हणालो. तेव्हा कुठं तो दोन पावलं मागं आला.