मी दिलेलं सिमेंट

देवावर रुसायचं माझं वय राहिलं नव्हतं, तरी गेल्या वर्षी मी रुसलो होतो. आमचं नाशिकचं जुनं चर्च बंद होऊन त्याचं समाजकेंद्र झालं होतं. त्याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, आणि तिथूनच वडिलांना शेवटचा निरोप दिला. मंडळी वाढली, उपासना नव्या इमारतीत गेली, हे सगळं मला कळत होतं. पण वेदीच्या जागी शिवणयंत्रं आली, हॉल सगळ्या धर्मांच्या लोकांना लग्नकार्यासाठी मिळू लागला, आणि माझा तोल गेला. "प्रभूला घराबाहेर काढलं आपण," मी बायकोला म्हणालो. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आठवड्यातले सहा दिवस कुलूप तर तुम्हीच लावायचात." चावी वीस वर्षं माझ्याच खिशात होती.

इमारत मात्र देखणी. काळ्या दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंती, टोकदार कमानी, आणि वर सागवानी लाकडाच्या तिकोनी कैच्यांवर तोललेलं उंच कौलारू छप्पर. दुपार कलली की पश्चिमेच्या गोल खिडकीतून रंगीत ऊन फरशीवर उतरतं, आणि हातातलं काम टाकून माणूस बघत राहतो. या भिंतींना आतून ओल धरली होती. रंगाला फुगवटे आले होते, पोपडे पडत होते. पाहणीला आलेले इंजिनिअर म्हणाले, भिंतीचं पोट कुजलं असावं, कैच्यांची भिंतीतली टोकंही सडली आहेत. महिनाभरात खात्रीचा उपाय निघाला नाही तर इमारत उतरवावी लागेल. तोवर छपराखाली गर्दी नको. मग माझा जीव खालीवर होऊ लागला. रोज सकाळी प्रार्थनेत मी एकच मागणं मागायचो, की प्रभू, तुझं घर वाचव. आणि लाज वाटते सांगायला, पण त्याच वेळी मनात यायचं की हॉल केल्याचीच ही शिक्षा आहे.

अशात एका रविवारी दुपारी तिथे शेजारच्या मुस्लिम कुटुंबातल्या मुलीच्या लग्नाचं जेवण होतं. टेबलं बाहेर अंगणात मांडली होती. मी आमंत्रणाचा मान राखायला गेलो आणि सवयीने आत डोकावलो. पांढऱ्या दाढीचे एक पाहुणे एका हातात बिर्याणीची ताटली आणि दुसरा तळवा भिंतीला टेकवून उभे होते. नवरीचे ते मामा, मालेगावकडचे. जन्मभर जुन्या मशिदी-दर्ग्यांत चुन्याचं गवंडीकाम केलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत.

"भाऊ, हे सिमिट कोणी मारलं?" त्यांनी विचारलं.

"आधीच्या कमिटीनं," मी म्हणालो.

कमिटीनं म्हणजे मी. बारा वर्षांपूर्वी वडिलांच्या स्मरणार्थ आतल्या सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मीच करून दिला होता. वर चकचकीत ऑइलपेंट. वेदीच्या पांढऱ्या कापडावर कबुतरं घाण करतात म्हणून छपराखालचे झरोकेही मीच विटांनी बुजवले होते. चर्च कसं नव्यासारखं दिसतंय, म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून आभार मानले. मी फुगून गेलो होतो.

"चुन्याची भिंत हाय ही," चाचा सांगत होते. "हिला सिमिट मारलं तर पाणी आतमधीच बसतं. बाहेर निघायला रस्ताच नाय. दगडाला काय झालं नसंल. थोडं काढून बघू का?"

"इंजिनिअर म्हणतात, पोट कुजलंय."

"उघडल्याबिगर कसं कळंल, भाऊ?"

चाचा दोन-चार दिवस तिथेच शेजारी, बहिणीकडे राहणार होते. त्यांचं म्हणणं मी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कमिटी बोलावली. तिथे एक जण म्हणाले, "यांच्या वडिलांच्या नावाचं काम आहे. त्याला हात कसा लावायचा?" सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नको म्हणून मान हलवली असती तर विषय तिथेच मिटला असता. माझा मान राहिला असता, आणि भिंती गेल्या असत्या. "काढा," मी म्हणालो. "चूक माझीच आहे. झरोकेही मीच बुजवलेत." पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चाचा छिन्नी-हातोडी घेऊन आले. दोन घावांत सिमेंटचा पापुद्रा सुटून खाली पडला. आत दगड धडधाकट होता, सांध्यांतला चुना ओला पण घट्ट. मी कोपऱ्यातल्या शिवणयंत्रापाशी बसून लहान पोरासारखा रडलो. मग चाचांनी मुक्काम वाढवला. सगळा गिलावा उतरला, झरोके मोकळे झाले, वारा आरपार खेळू लागला. तीन आठवड्यांनी दगडाचा रंग फिका पडलेला दिसला. इंजिनिअर पुन्हा आले, जागोजाग ठोकून बघितलं आणि मोकळेपणाने म्हणाले, "माझा अंदाज चुकला. भिंती ठणठणीत आहेत. कैच्यांची टोकं बदलून घ्या, पाडायचं कारण नाही."

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. चाचांना मी म्हटलं, तुम्हाला देवानेच पाठवलं. ते हसले. "मी तर भाचीच्या लग्नाला आलो व्हतो, भाऊ. बिर्याणी खायला." असेल तसंही. पण ज्या दाराला मी नावं ठेवत होतो, ते दार उघडं नसतं तर चाचा आत आलेच नसते, एवढं मला पक्कं कळलं. प्रभू घराबाहेर गेला नव्हता. तो पाहुण्यांची वाट बघत होता, आणि मी आपला दारात फुगून उभा.

कृतज्ञता मनात मावत नाही. शिवणवर्गाच्या बायका परत आल्या आहेत, अभ्यासिकेत मुलं बसतात. तुझं घर वाचव, असं मी आता म्हणत नाही. ज्याचं घर आहे, तो बघून घेईल. मी एवढंच मागतो, की प्रभू, तुझ्यावरच्या प्रेमापोटी मी आणखी कुठे कुठे सिमेंट मारून ठेवलं असेल, तिथे कोणाला तरी छिन्नी घेऊन पाठव. आणि हे कोणी मारलं असं त्याने विचारलं, तर या वेळी मला पहिल्या झटक्यात "मी" म्हणू दे.