बारवीच्या माळावरचा ऐन

रविवारी सकाळी कॅम्प पाचमधल्या घरून एकटीच निघाले. हे जाऊन आठ महिने झाले. त्याआधी सहा वर्षं, पावसाळा सोडला तर, हे दर रविवारी बारवी धरणाकडे जात. तिथल्या एका पाड्यावर ऐनाचं झाड आहे, त्याला वाळवी लागली आहे आणि आपण तिचा बंदोबस्त करतोय, एवढंच सांगत. परवा त्या झाडाचे मालक जानूमामा यांचा फोन आला. झाड गोठ्यावर पडेल, पावसाआधी पाडायला हवं. "पन तुमाला इचारल्याबिगर हात नाय लावनार, वैनी."

रिक्षावाला बारवीचं नाव ऐकूनच मान हलवू लागला. "आंटी, उधर से रिटर्न भाडा नहीं मिलता. बदलापूरला सोडतो, पुढे जीप पकडा." अंबरनाथपर्यंत कारखान्यांचा वास सोबतीला होता. जीपमध्ये टोपलीवाल्या बाईने विचारलं, "एकल्याच?" मी हो म्हटलं. हे उत्तर अजून सरावाचं झालेलं नाही. त्या गडबडीत एक फाटा आधीच उतरले आणि अर्धा तास उन्हात चालले.

माळ पिवळ्या गवताने भरला होता. मधूनमधून पळस, मोह आणि ऐन. काही शेतांत राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर जाळलेला पालापाचोळा) काळा पडला होता. इतकं मोकळं आभाळ मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं आणि ते दाखवायला शेजारी कोणी नव्हतं.

सत्तरीचे जानूमामा बांधावर वाट बघत उभे होते. पाणी दिलं आणि थेट झाडाकडे घेऊन गेले. ऐनाची साल मूळचीच मगरीच्या पाठीसारखी, पण याचं खोड कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत गुळगुळीत घासलेलं होतं. बुंध्याशी लाकडाचा ओला भुसा साचला होता. मामांनी कोयत्याची पाठ हाणली. आवाज पोकळ आला.

"वाळवीने खाल्लं?" मी विचारलं.

"वाळवी नाय. भिरूड." (म्हणजे खोड आतून पोखरणारी अळी.) त्यांनी पलीकडचा दुसरा ऐन दाखवला. त्यावर माणसाच्या उंचीपर्यंत वाळवीची माती चढली होती आणि वर कोवळी पालवी फुटली होती. "वाळवी वरची मेलेली साल खाती. झाडाला काय करत नाय. सायेब पत्र्याने खरवडायचं, वर जळका ऑइल फासायचं. जिती साल सोलली, तिथनं भिरूड शिरला."

मला यांचा आधी रागच आला. निवृत्तीनंतर घरातले सगळे नळ बिघडवून झाले, आता हे! मग त्या घासलेल्या खोडावर हात ठेवला आणि रडू आवरेना.

"तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

मामांनी कोयता कमरेला खोचला. "पयल्या वर्साला सांगनार व्हतो. बायको गेलेली, पोरा बदलापुरात, कात्रपला फ्लॅटमंदी. सायेब यायचं, आमी दोघा जेवायचो. खरवडू नका म्हटला असता, तर कशाला आलं असतं?"

त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. भाकरी एका बाजूने करपली होती. "पुढच्या बारीला वैनीला आनतो, असा दर वेली बोलायचं," ते म्हणाले.

निघताना मी झाड पाडा म्हणून सांगितलं. गोठ्यात एकच गाय होती, तिच्यावर पडायला नको. मामांनी मान हलवली. "आता तुमी तरी कशाला याल?"

"भाकरी खायला येईन," मी म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही.

परतीच्या जीपमध्ये सगळ्यांत मागे बसायला मिळालं. बाहेर एकेक ऐन मागे पडत होता. यांनी मला एकदा विचारलं होतं, "येतेस का?" झाडात काय बघायचंय, असं म्हणून मी टीव्ही लावला होता. दाराशी कोणीतरी यावं, म्हणून जानूमामांनी आपलं झाड जाऊ दिलं. मला एका रविवारी फक्त चपला घालायच्या होत्या.