आबासाहेबांच्या पट्ट्याचं दुसरं भोक

शूटिंगला काम थोडं आणि वाट बघणं फार. कुणी ढग सरकायची वाट बघतो, कुणी चहाची. तेवढ्या वेळात माणसं बोलतात आणि मी ऐकते. वहीच्या पुढच्या पानांवर कामाच्या नोंदी आणि मागच्या पानांवर हे किस्से, असं मी लिहीत गेले. मे महिना संपेपर्यंत दोन्ही बाजू मधोमध येऊन भिडल्या!

माझी आई नारायण पेठेत शिवणकाम करते. यंदा तिला एका टीव्ही मालिकेच्या कपड्यांचं काम मिळालं. मालिका आबासाहेब नावाच्या नगरसेवकाची. तरुणपणापासून तिरडीपर्यंत, तेरा भाग. माझी नववीची परीक्षा झाली होती, म्हणून मीही आईबरोबर जायला लागले.

* * *

एकाच प्रसंगाचे तुकडे आठ-आठ दिवसांच्या अंतराने घेतात. म्हणून कुठलं बटण उघडं होतं, घड्याळ पट्ट्याच्या कितव्या भोकात होतं, हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. त्याला कंटिन्युइटी म्हणतात. ती लिहिणारे गृहस्थ शूटिंग सुरू व्हायच्या आधीच भाच्याच्या लग्नाला म्हणून गेले, ते गेलेच.

आईच्या कपड्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. त्या बघून दिग्दर्शक सरांनी विचारलं, "अक्षर कुणाचं?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"बोलते का?"

"फारशी नाही हो."

"मग उद्यापासून हीच!"

* * *

आबासाहेब झाले होते शेखकाका. बँकेत क्लार्क, राहायला बुधवार पेठेत. पंचवीस वर्षं नाटकांत हवालदार, पोस्टमन आणि ‘तिसरा शेजारी’ अशीच कामं केलेली. मोठा रोल हा पहिलाच.

रस्त्यावर शूटिंग करायची परवानगी नेमकी पहिल्या दिवसाची मिळाली, त्यामुळे अंत्ययात्रा आधी घ्यायची ठरली. तिरडीवर आडवे होत काका म्हणाले, "पंचवीस वर्षांनी हिरो झालो आणि पहिल्याच दिवशी मेलो!"

यात्रा नारायण पेठेतून निघाली. भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा थांबले, त्यांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"नगरसेवक."

आजोबांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि चालू लागले!

* * *

त्याच संध्याकाळची गोष्ट. कुणी मेल्याचा सीन केला, की लगेच त्याचा हसताना एक फोटो काढायचा, अशी रीत आहे. नाहीतर बरं नसतं म्हणे. पण फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातला रोल संपला होता.

"उद्या काढू," तो म्हणाला.

आईला ते आवडलं नाही. तिने मला वहीत लिहायला लावलं : ‘फोटो बाकी.’

उद्या तो विसरला. परवा सगळेच विसरले.

* * *

एकदा खरे नगरसेवक सेटवर आले. खुर्ची दिली, चहा दिला. ते बराच वेळ शेखकाकांकडे बघत होते. शेवटी सरांना म्हणाले, "हे माझ्यावर नाही ना काढलेलं? स्पष्ट सांगा."

सर म्हणाले, "छे छे, साहेब. आमचे आबासाहेब कामं करतात."

साहेब चहा अर्धा टाकून गेले!

* * *

आबासाहेबांच्या मोठ्या सभेसाठी वाघोलीहून ट्रकभर माणसं आणली होती. सरांनी त्यांना समजावलं, की भाषण संपलं की टाळ्या, मग वडापाव.

पुढे बसलेले एक शेतकरी उभे राहिले. "सायेब, तुमी नवीन हाय का? खऱ्या सभेला वडा आदी असतोय!"

वडा आधी दिला. टाळ्या जोरदार झाल्या. पण बोलता बोलता काका टेबलाला धरून उभे राहिले, ते त्यांनी शेवटपर्यंत टेबल सोडलं नाही. सर म्हणाले, "काय पोझ घेतलीय!"

* * *

पहिल्या दिवशी काकांचं घड्याळ पट्ट्याच्या दुसऱ्या भोकात होतं. आठवड्याने तिसऱ्यात. पुढच्या सोमवारी चौथ्यात, आणि तरीही ढिलं.

काकांनी वहीत डोकावून पाहिलं. "बेटा, दुसरंच लिही."

मी पहिल्यांदाच बोलले, "पण दिसेल."

मग ते आईजवळ बसले आणि त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी मुंबईला बोलावलं होतं. "गेलो की ते ठेवून घेणार, वहिनी. इकडे सर दुसरा माणूस उभा करणार. एवढं शूटिंग होऊ दे."

"आणि तोवर काही झालं म्हणजे?"

"मरायचा सीन तर झालाय. युनिटचं काही अडत नाही!"

आई हसली नाही. तिने कापूस घालून एक पट्टी शिवली, मनगटावर घड्याळाखाली बांधायला. घड्याळ पुन्हा दुसऱ्या भोकात बसलं. मग पोटासाठी शिवली, मग खांद्यांसाठी.

काकांनी मला विचारलं, "मंदा, तू बोलत नाहीस ना?"

मी मान हलवली. त्यासाठीच तर मला ठेवलं होतं.

* * *

काकांच्या घरून भाभींचा चार पुडांचा डबा यायचा. काका दोन घास खायचे, बाकी लाइटवाल्यांना.

एक जण म्हणाला, "काका, भाभींना सांगा, खिमा उद्या जरा तिखट!"

"सांगतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिमा तिखट आला आणि डबा पाच पुडांचा झाला. काका आईला म्हणाले, "ती फार खूश आहे. म्हणते, हल्ली तुमची भूक वाढलीय!"

* * *

तरुणपणाचे सीन सगळ्यात शेवटी होते. तरुण आबासाहेब गरीब, म्हणून अंगावर एकच सदरा. घड्याळ नाही, कापूस नाही. केस काळे करून काका बाहेर आले, तेव्हा लाइटवाल्यांनी हातातलं काम सोडलं.

सर धावत पुढे गेले. "वा, शेखसाहेब! तरुण दिसण्यासाठी एवढं वजन उतरवलंत? बघा रे, याला म्हणतात डेडिकेशन!"

सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. काकांनी वाकून नमस्कार केला. आई खाली बसून सुई शोधत राहिली. सुई तिच्या हातातच होती.

* * *

शेवटचा शॉट पहिली निवडणूक जिंकल्याचा होता. गुलाल, हार, आणि आबासाहेब लोकांच्या खांद्यावर. अंत्ययात्रेला चौघांना खांदे बदलावे लागले होते. आज दोघांनी सहज उचललं.

पॅकअप झालं. फोटोग्राफर कॅमेरा पेटीत ठेवत होता. काका गुलालाच्या तोंडानेच त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "एक फोटो राहिलाय. पहिल्या दिवसाचा."

सर म्हणाले, "अहो, महिना होऊन गेला त्याला. आता कशाला?"

"वहीत आहे. मंदाला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आहे. फोटो बाकी आहे."

काकांनी कपड्यांच्या पेटीतून घड्याळ मागून घेतलं. "तिरडीवर कितवं भोक होतं, बेटा?"

"दुसरं."

आई कापसाची पट्टी घेऊन पुढे आली. "ती राहू द्या, वहिनी," काका म्हणाले. त्यांनी पट्टा दुसऱ्या भोकात लावला आणि निवडून आल्यासारखा हात उंच केला.

घड्याळ घसरत थेट कोपरापर्यंत आलं.

या वेळी टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. काका मात्र हसत होते, इतके, की दातांनाही गुलाल लागलेला दिसत होता.

"काढ लवकर, हात भरून आला."

फोटो निघाला. हात खाली न घेताच काका माझ्याकडे वळले. "लिही, मंदा."

मी ‘फोटो बाकी’वर काट मारली आणि खाली लिहिलं : ‘दुसरं भोक.’