नरसिंग मापाड्याची न वाळणारी काठी

सकाळी तोंड धुवायच्या आधीच नरसिंगनं काठीवर अंगठा टेकवला. चिकट. काल चिकट होती, परवाही चिकट होती. अंगठा उचलला तशी पाकासारखी बारीक तार निघाली. येळवस, शेतावर पूजा मांडून जेवायची मार्गशीर्षातली अमावस्या, तोंडावर आली होती.

"ओ, त्या काठीचा पिच्छा सोडा की," चांगुणा, त्याची बायको, आतून ओरडली. "लेकराचा ताप बघावा तसं घडीघडी हात लावतालाव. हातानंच खराब करून ठिवताल."

नरसिंग लातूरच्या आडत बाजारात मापाडी. त्याच्या काट्यावरून उतरलेल्या पोत्याला कुणी शेतकरी हरकत घेत नसे, की कुणी आडत्या. माणूस सरळ, पण आपल्या सरळपणाचा त्याला भलताच तोरा. आणि नाद एकच, मासे धरायच्या काठ्या बनवायचा. कोरा रॉड मागवायचा, त्यावर दोरी धावायच्या कड्या रेशमी धाग्यानं आवळायच्या आणि धाग्यावर इपॉक्सीचा थर द्यायचा. बाटल्या दोन, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही समान घेऊन घोटायचं, थर द्यायचा आणि तो ओघळू नये म्हणून काठी सावकाश फिरती ठेवायची. त्यासाठी गणपतीमागच्या चक्राची जुनी मोटर त्यानं लाकडी फळीवर ठोकली होती. एका दिवसात थर काचेसारखा कडक होई. मांजरा धरणावर गळ टाकणाऱ्या कितीतरी हौशी लोकांच्या हातात त्याच्या काठ्या होत्या. एकीचीही तक्रार नव्हती.

आणि नेमकी हीच रुसून बसली. ही बजरंगसाठी होती.

बजरंग धाकटा भाऊ. निलंग्याकडं तेरणेच्या काठाला वडिलोपार्जित शेत होतं, ते तो कसत होता. लहानपणी दोघं नदीवर पडीक असायचे, बांबूच्या काठीला सुतळी बांधून. आई केवळाबाई मासा घरात घेऊ द्यायची नाही, पण परसात तीन दगड मांडून फुटका तवा मात्र स्वतःच ठेवून द्यायची. आई गेली आणि वर्षश्राद्धानंतर भांड्यांची वाटणी झाली. नरसिंगनं लातूरहून काटा नेला होता. तांबं वेगळं, पितळ वेगळं, तोळाभरही इकडंतिकडं नको. दोन सारखे ढीग केले, पोत्यात भरले, तोंडं स्वतः शिवली. त्याच्या पोत्यात आईची पितळी बिंदगी, म्हणजे लहान घागर, गेली. दर येळवसला आई तिच्यातून शेतावर आंबील न्यायची. बजरंग म्हणाला, "दादा, तेवढी बिंदगी मला दे." नरसिंग म्हणाला, "घे की. तेवढ्या वजनाचं दुसरं काय बी काट्यावर ठिव."

बजरंगनं काट्याकडं पाठ फिरवली. आपलं पोतं उचललं आणि गेला. त्यानंतर लग्नकार्यात दिसला तरी मान वळवून जायचा. आपलं काय चुकलं, हे नरसिंगला खरोखर उमगत नव्हतं. काटा तर बरोबर होता!

यंदा मात्र बजरंगच्या लेकीचा, ऋतुजाचा फोन आला. "मोठे बाबा, येळवसला शेतावर या. आमच्या अण्णांनीच सांगितलंय." फोन ठेवल्यावर नरसिंग किती तरी वेळ अंगणात येरझाऱ्या घालत होता. रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून ही काठी. आणि ती चिकट.

त्यानं तिला गच्चीवर उन्हात ठेवलं, तर तुरीचा भुसा येऊन बसला. वर पिवळा दिवा टांगला, काही नाही. बाजारात पोतं काट्यावर चढवताना त्याचं चित्त घरी. दुपारी डबा खाताना त्यानं नांदेडला राघवेंद्र जोशींना फोन लावला. शाळेत शिकवणारे हे गृहस्थ दर रविवारी गोदावरीवर गळ टाकून बसत. काठी बांधायला त्यांनीच शिकवलं होतं.

"थंडीनं वेळ लागतो," राघवेंद्र म्हणाले, "पण एवढा नाही. नीट घोटलं होतंत? माप चुकलं नाही ना?"

"माप?" नरसिंगला राग आला. "सर, मी मापाडी हाय. येरवी मी सिरिंजनं रेघ बघून घेतो. ही भावाची काठी, म्हणून सराफाचा काटा मागून आणला. गुंजभर फरक न्हाई!"

तिकडं सरांना घंटा ऐकू आली, त्यांनी फोन ठेवला. नरसिंग पुटपुटत उठला. बाटलीच जुनी असणार. दुकानदारानं फसवलं असणार. जगात सगळं चुकू शकतं, मापाड्याचं माप नाही.

उतरत्या उन्हात औशाकडच्या एका शेतकऱ्यानं सूर्यफूल आणलं. शेजारी कुणाची तरी सोयाबीन होती. नरसिंगनं दोन्हीचं एकएक क्विंटल तोललं. सोयाबीनची रास गुडघ्याएवढी. सूर्यफुलाची मांडीच्याही वर गेली.

हे दृश्य तो उभं आयुष्य रोज बघत होता. पण आज त्याचा हात काट्यावरच थबकला. हार्डनर पातळ. हलका. वजनाला सारखा घेतला, म्हणजे मापाला जास्त गेला. जास्तीचा हार्डनर वाळणार कशात? तो चिकटच राहणार!

"ओ मापाडी, पुढचं पोतं घ्या की," हमाल ओरडला. नरसिंग तिथंच उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढं आता बाटल्या नव्हत्या. काट्यावर एका बाजूला आईची बिंदगी होती आणि दुसऱ्या बाजूला कुठलीतरी परात. वजन सारखं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

येळवस दोन दिवसांवर. घरी येऊन त्यानं काठी खाली उतरवली. चिकट थरावरच नीट घोटलेला दुसरा थर दिला तर वरून कडक होतो, हे त्याला ठाऊक होतं. पण आत मऊ राहण्याची धास्ती. बजरंगला असलं वरवरचं द्यायचं नव्हतं. चांगुणाचं केस वाळवायचं यंत्र घेऊन त्यानं थर गरम केला, नखानं सोलला, धागा कापून कड्या मोकळ्या केल्या आणि स्पिरिटनं काठी लख्ख पुसली. संध्याकाळ धागा आवळण्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिरिंजनं, रेघ बघून, दोन्ही सारखं घेतलं.  काट्याशिवाय त्याला नागडं वाटत होतं.

काठी मोटरवर फिरू लागली. हात लावायचा नाही, असं ठरवून तो अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी माळ्यावर चढला आणि ते वाटणीचं जुनं पोतं ओढून काढलं.

"आता हे कशाला?" चांगुणानं विचारलं.

"बिंदगीला कल्हई करून आणतो," तो म्हणाला, "उद्या आंबील हिच्यातूनच न्यायची."

येळवसच्या सकाळी त्यानं भीत भीत अंगठा टेकवला. कडक, गुळगुळीत. ठसासुद्धा उमटला नाही.

शेतावर कडब्याच्या कोपीत पूजा मांडली होती. बजरंग पुढं आला. नरसिंगनं काठी दिली. बजरंगनं ती तोलून बघितली, टोक वाकवून बघितलं. "चांगली हाय," म्हणाला आणि कोपीला टेकवून ठेवली. बस, एवढंच. 

मागून चांगुणा आली आणि तिनं डोक्यावरची बिंदगी खाली ठेवली.

बजरंगनं बिंदगी ओळखली. मग हळूच म्हणाला, "हिच्या बदल्यात काट्यावर काय ठिवू, दादा?"

"काय बी नगं," नरसिंग म्हणाला.  "माझंच चुकलं होतं, बजा. समद्याचं वजन करायचं नसतंय."

बजरंग बिंदगीपाशी उकिडवा बसला. तिच्या काठावरून त्यानं बोट फिरवलं, जिथं आईच्या हातानं पडलेला पोचा होता. डोळे पुसून तो ऋतुजाला म्हणाला, "मोठ्या बाबाला आंबील दे." आणि नरसिंगकडं न बघता पुढं बोलला, "सांजच्याला घरला चल. माझं पोतं तसंच पडलंय. तू शिवलेली सुतळी अजून तोडली न्हाई मी. दोघं मिळून सोडू."