वाटेतल्या माणसाच्या दोन भाकऱ्या

डोंगरात जायचं ठरलं, की मी सोलापुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मावशींकडून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक भाकरीवर त्या नखानं टिचकी मारतात. खणखणीत वाजली तरच ती पुडक्यात जाते, नाहीतर परत उन्हात.

मागच्या खेपेला नऊ भाकऱ्या बांधून झाल्यावर त्यांनी वर आणखी दोन ठेवल्या.

"ह्या कुणाच्या?"

"वाटंत कुणी भेटलं तर त्याच्या की."

"ओझं होतं हो मावशी," म्हणत मी त्या परत केल्या.

तिसऱ्या दिवशी गडावर एका म्हाताऱ्या गुराख्यानं त्याच्या बाटलीतलं अर्धं ताक मला पाजलं. माझ्याकडे एकच भाकरी उरली होती आणि गड उतरायचा होता. मी खडकाआड गेलो आणि ती हळूच मोडली.

पण कडक भाकरी हळूच मोडत नाही. केवढ्यानं तरी वाजली. पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वळवली नाही, मुद्दामच.

आता मावशी टिचकी मारायला लागल्या, की मी रस्त्याकडे बघत उभा राहतो.