घरामागं एक प्रश्न

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीनं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. चौदा वर्षं ती तिकडं आहे; नवऱ्याची नोकरी, मुलांच्या शाळा, सगळं तिकडंच. भारताचा पासपोर्ट परत केल्याचा कागद तिनं मला फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, "अण्णा, आता मतदार यादीतलं माझं नाव काढून घे."

कायद्यानं तेच बरोबर होतं. म्हणून याद्या तपासायला आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या बाई घरी आल्या, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "राहू द्या की हो. कुणाचं काय अडलंय?"

"घरात पाच माणसं नाहीत, मग यादीत पाच नावं कशाला?" मी म्हणालो.

त्यांनी अर्ज काढला आणि कारणं वाचायला लागल्या. मयत, स्थलांतरित, भारतीय नागरिक नाही. शेवटच्या कारणापाशी त्यांचं पेन थांबलं.

आमची अव्वा, म्हणजे आई, दारातच भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली. "कोण न्हाय भारतीय? हितल्याच दवाखान्यात झाली ती. मला टाके पडलेते."

मी समजावलं, कागदावर तसंच लिहावं लागतं. पण अव्वानं आमच्या घरातलं एकच नाव यादीतून जाताना पाहिलं होतं, वडिलांचं, ते वारल्यावर. तेव्हाही बाई अशाच आल्या होत्या आणि मी अशीच सही केली होती. अव्वा म्हणाली, "जित्या लेकीचं नाव काढालास व्हय रे? मी असंपर्यंत त्या कागदावर सही करायची न्हाय."

बाईंनी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. "पुन्हा येते," म्हणाल्या.

बहिणीला मी हे कळवलं. ती म्हणाली, "तिला दुखवायला नको, अण्णा. पण खोटं नावही नको." दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते तिनं सांगितलं नाही.

तिच्या तिकडच्या शहरात आमच्या सोलापूरची काही घरं आहेत. विणकरांची तेलुगू बोलणारी, दखनी बोलणारी, आमच्यासारखी कन्नड-मराठी. रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतात, आणि गप्पा फिरून फिरून इथल्या पाण्यावर येतात. कारण प्रत्येकाची आई किंवा सासू इथं चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट बघत असते. महापालिकेची निवडणूक जवळ आली तसं त्यांनी ठरवलं, उभं राहायला निघालेल्यांना पाण्याबद्दल नीट विचारायचं. खूप वाद घालून त्यांनी एक प्रश्न तयार केला. विचारायचं काम बहिणीवर आलं, कारण निवडणुकीआधी इच्छुकांना एकत्र बसवायची पद्धत फक्त आमच्या गल्लीत आहे.

ही बैठक मंडळाच्या शेडमध्ये होते. घरामागं एक प्रश्न, एवढाच नियम. नाहीतर बैठक संपत नाही. कोणत्या घराचा प्रश्न झाला, कोणाचा राहिला, ते बघायचं काम माझ्याकडं असतं. आमच्या घराचा प्रश्न अव्वाचा. या वेळी तिचा प्रश्न महिनाभर आधीच तयार होता. आमच्या पायरीजवळच्या गटारीवर झाकण नाही. एकदा तिचा पाय त्यात जाता जाता राहिला होता. "झाकण कधी बसवणार, तारीख सांगा," असं ती स्वयंपाक करताना म्हणून बघायची.

रविवारी संध्याकाळी बैठक भरली. बहिणीला व्हिडिओ कॉल लावून मी फोन खुर्चीवर उभा करून ठेवला. तिच्यामागं तिकडची मंडळी दाटीवाटीनं बसलेली दिसत होती. आमच्या घराची पाळी आली आणि मी मोठ्यानं म्हणालो, "आमच्या घरातून दोन प्रश्न आहेत. नियमानं एकच घेता येईल."

समोरच्या घरचे काका म्हणाले, "मग आजींचा घ्या. पोरगी आता तिकडची झाली. हितं तिचं मत बी न्हाय. बर्फात बसून आमाला काय विचारायलीय?"

काही जण हसले. फोनवरचा बहिणीचा चेहरा उतरला. "काकांचं बरोबर आहे, अण्णा," ती म्हणाली. "अव्वाचा घे."

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली. "तिचं मत नसंल. घराचा प्रश्न माझा हाय न्हवं? तो मी तिला दिला. विचार गं."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी मनात नियम तपासला. घरामागं एक, एवढंच होतं. कुणी विचारायचा ते नव्हतं. "चालेल," मी म्हणालो.

बहिणीनं हातातला कागद उचलला. मागं कुणीतरी तिला "वाच, वाच" म्हणत होतं. तिनं तो खाली ठेवला. "आमच्या पायरीपुढच्या गटारीवर झाकण कधी बसवणार?" तिनं विचारलं. "तारीख सांगा."

"अगं, पाण्याचं विचार की!" अव्वा ओरडली. "झाकणाचं मी बघते!"

शेड हसून हसून वाकली. काकाही हसले. त्यांच्या घराचा प्रश्न अजून बाकी होता. ते उठले आणि फोनजवळ येऊन म्हणाले, "काय लिवलंय त्या कागदावर? वाच, पोरी. मी विचारतो." तिनं वाचला, त्यांनी तो तसाच पुढं विचारला. इच्छुकांकडून उत्तरं गोलमोलच मिळाली. झाकणालाही तारीख मिळाली नाही.

पण घरी आल्यावर अव्वा बराच वेळ फोनवर बहिणीशी भांडत होती. "प्रश्न वाया घालवलीस," म्हणायची आणि मग स्वतःच हसायची.

अंगणवाडीच्या बाई पुढच्या आठवड्यात आल्या. मी सही न करता अव्वाकडं बघितलं.

"नाव गेल्यावर पोरीला आपल्या बैठकीला बसता येतंय न्हवं?" तिनं बाईंना विचारलं.

"बैठकीला काय, कोणबी बसतंय की, आजी."

"मग कर सही," अव्वा मला म्हणाली आणि बाईंसाठी चहा टाकायला आत गेली.