आत्याच्या दाराची कडी

आत्या गेली तेव्हा खोलीला आतून कडी होती. दार तोडावं लागलं.

आज वर्ष झालं. सकाळी घरी बुद्धवंदना झाली, पाहुणे खीर खाऊन गेले. आणि जाता जाता एक जण बोललेच, "त्या थेरपीच्या नादी लागली नसती तर दार उघडं राहिलं असतं."

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, झोपेतच गेली, दार उघडं असतं तरी काही करता आलं नसतं. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. म्हणून इथं लिहितोय.

सुरुवात माझ्यापासून झाली.

फर्दापूरहून येताना ट्रकनं माझी बाईक उडवली. उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं, फिजिओ झाली, हाड जुळलं. पण हँडलला हात लावला की थरथर सुरू. मागून हॉर्न वाजला की घाम.

हाडाचे डॉक्टर म्हणाले, "हात ठणठणीत आहे. एकदा थेरपिस्टला भेट."

घरी मी एवढंच सांगितलं, "थेरपी लावलीय." सगळ्यांना वाटलं, परत फिजिओ. मी पण गप्प बसलो. एवढा बाप्या हॉर्नला घाबरतो, हे कुठल्या तोंडानं सांगू?

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर पिशोरहून आमच्याकडं आली, ती कायमचीच. मला बाईक जमेना म्हणून रिक्षात सोबत यायला लागली. पिशवीत टॉवेल आणि मालिशचं तेल घेऊन.

वेटिंगमध्ये एकदा शेजारी बसलेल्या पोरीला तिनं विचारलं, "तुझं काय दुखतं गं बाई?"

ती बिचारी म्हणाली, "तेच बघायला आलेय, मावशी."

एकदा माझ्या थेरपिस्ट मॅडम बाहेर आल्या तर आत्यानं त्यांना गाठलंच. "मॅडम, ह्याच्या हाताला शेक कधी देणार? तेल रोज माघारी नेते मी."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग मीच सांगितलं. हाताचं नाही, तो अपघात डोक्यातून जात नाही. इथं बोलायला येतो. याला ट्रॉमा म्हणतात.

मला वाटलं आता म्हणेल, येड लागलं का तुला.

आत्या म्हणाली, "म्हंजे धसका व्हय. मग तसं सांग की लेका. मी उगं तेल घेऊन हिंडतीया."

मॅडम हसल्या. पुढं त्या पण माझ्याशी बोलताना धसकाच म्हणायच्या. ट्रॉमा म्हटलं की मला ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं. धसका आपल्या घरातला शब्द.

येताना गुलमंडीला ब्लाऊजपीस घ्यायला उतरलो. दुकानात कापड चाचपत हळूच म्हणाली,

"सोन्या, जुना धसका घेतात का रं तिथं?"

"किती जुना?"

"लई."

आता सांगायला हवं. आत्या घरात कडी लावत नसे. बाथरूमचं दार पण नुसतं लोटायची आणि आतून खोकत राहायची. आत्याचा खोकला म्हणजे ऑक्युपाइड, अशी आमची चेष्टा.

त्या दुकानात तिनं सांगितलं. पिशोरचं मातीचं घर. आत ही आणि झोळीत तान्ही मुलगी. पावसात भिंत खचली, दार चेपलं.

"कडी निघंना रं. वढू वढू हात सोलले. कडी निघंना."

लोकांनी दार फोडून हिला काढलं. झोळीवर भिंत पडली होती.

आत्याला मुलगी होती, हे मला त्या दिवशी कळलं. वडिलांना माहीत होतं. घरात विषयच कधी निघाला नव्हता.

तीही थेरपीला येणार हे कळल्यावर वडील म्हणाले, "अक्का, या वयात कशाला उकरायचं?"

आत्या म्हणाली, "अंगारे-धुपारे सोडले ते काय नुसतं गप बसायला?"

एकाच घरातले दोघं एकीकडं नकोत म्हणून मॅडमनी तिला तिथल्याच दुसऱ्या थेरपिस्ट ताईंकडं दिलं. ताईंनी त्यांच्या खोलीचं दार उघडंच ठेवलं. सुरुवातीला आत्या नुसती पिशोरच्या बाजाराचं बोलायची. ताईंनी घाई केली नाही. मग एकदा तिनं पोरीचं नाव घेतलं. मैना.

घरी सराव असायचा. आधी दार अर्धं लोटायचं. मग पूर्ण. मग कडी लावायची आणि लगेच काढायची. मी बाहेर खुर्ची टाकून बसायचो.

आतून आवाज, "हाय का रं?"

"हाय."

"हाय का रं?"

"हाय आत्या, कुठं जातो."

कधी रडत बाहेर यायची. कधी आठवडाभर दाराचं नावच नाही. ताई म्हणायच्या, चालतं.

त्याच दिवसांत मी बाईक बाहेर काढली. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. आत्या गेटवर उभी. टोकावरून मी ओरडायचो, "आहेस का गं?"

"हाय, तू म्होरं बघ!"

आणि एक दिवस कडी लागली आणि आतून आवाजच येईना. मी घाबरून दार बडवलं.

"गप की रं. डोळा लागला होता."

मला बाहेर रडू आलं. लाज वाटली नाही.

तेव्हापासून दुपारची झोप कडी लावूनच. ऐटीत सांगून जायची, "मी चालले आत. कुणी वाजवू नका."

त्या दिवशीही तसंच. जेवली, कडी लावली, झोपली. चहाला उठली नाही. दार तोडून आत गेलो तर कुशीवर झोपलेली, हात उशीखाली. पंखा चालू.

तेव्हा त्या कडीला नावं ठेवू नका. ती लावता यावी म्हणून माझ्या आत्यानं लई सोसलंय.

दार नवं बसवलं. कडी तीच ठेवलीय.

आत्या, श्रद्धांजली-बिद्धांजली मला लिहिता येत नाही.

निवांत झोप. बाहेर मी हाय.